नृत्यवर्गाचे चित्रीकरण करताना पावले दिसत नाहीत, काय करावे?

प्रश्न:
आमच्या नृत्यवर्गात वीसेक जण शिकतात. घरी सराव करता यावा म्हणून वर्गाचा व्हिडिओ काढण्याचे काम शिक्षिकांनी माझ्याकडे सोपवले आहे. पहिला प्रयत्न फसला. मोबाइल हातात धरून मी कोपऱ्यात उभी होते. चित्रात सर्वांचे चेहरे आले, पण पावले तळाशी कापली गेली आणि समोरच्या भिंतीवरील आरशात खिडकीचा उजेड पडत असल्याने नाचणारे काळवंडून गेले. शिवाय संपूर्ण चित्रावरून आडवे पट्टे सरकताना दिसतात. गाण्याचा आवाज इतका फाटला आहे की शिक्षिकांची मोजणी ऐकूच येत नाही. खर्चिक साहित्य न घेता हे सुधारता येईल का?

पहिले उत्तर:
हा व्हिडिओ पाहून कोणीतरी नाच शिकणार आहे, तेव्हा पावले दिसलीच पाहिजेत, मग चेहरे थोडे लहान आले तरी चालतील. मोबाइल आडवा धरून तिवईवर घट्ट बसवावा आणि साधारण कमरेच्या उंचीवर ठेवावा, कारण डोळ्यांच्या उंचीवरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात पाय आखूड दिसतात. रांगांची रचना दाखवायची असेल तेव्हा मात्र उंचावरूनच चित्रीकरण करावे. जागा कमी पडली की अनेकजण रुंद कोनाची लेन्स लावतात, पण तिच्यात कडेला उभे असलेले लोक ताणल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा दारापर्यंत मागे सरकावे.

शक्य तर शिक्षिकांच्या मागे उभे राहावे. समोरून काढलेल्या चित्रात त्यांचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे येतो आणि शिकणाऱ्याला प्रत्येक हालचाल मनातल्या मनात उलटवावी लागते, तर मागून काढलेल्या चित्रात उजवे ते उजवेच राहते आणि चेहरा आरशात दिसतो. मागून काढताना विद्यार्थ्यांच्या पाठी आड येतील, म्हणून वर्ग संपल्यावर शिक्षिकांना एकट्याने दोनदा करून दाखवण्याची विनंती करावी: एकदा संथ मोजणीवर, एकदा गाण्यावर. घरी सरावाला खरा उपयोग याच दोन तुकड्यांचा होतो, असा माझा अनुभव आहे.

आरशातील उजेडासाठी पडदा ओढावा किंवा कॅमेरा थोडा तिरका ठेवावा. त्यानंतर मोबाइलच्या स्क्रीनवर नाचणाऱ्यांवर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण स्थिर करून टाकावे.

दुसरे उत्तर:
पट्ट्यांचे कारण दिवे आहेत. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याचा शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश टिपण्याचा वेळ, त्या लयीशी जुळला नाही की पट्टे उमटतात. शटर स्वतः ठरवू देणाऱ्या कॅमेरा ॲपमध्ये तो १/१०० सेकंद ठेवावा. ६० हर्ट्झच्या पुरवठ्यात १/१२० ठेवावा. गिरक्या आणि झपाट्याचा पदन्यास सेकंदाला ६० फ्रेम घेतल्यास अधिक स्पष्ट दिसतो आणि व्हिडिओ निम्म्या वेगाने चालवला तरी हालचाल अडखळत नाही. फाइल मोठी होते, म्हणून सुरू करण्यापूर्वी मोबाइलमधील मोकळी जागा पाहून घ्यावी.

आवाज फाटतो तो मोबाइल स्पीकरच्या अगदी जवळ असल्यामुळे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटर अंतरावर तो जवळजवळ ०.०३ सेकंद उशिरा पोहोचतो. एवढा फरक खटकत नाही, तेव्हा स्पीकरपासून निःशंकपणे दूर जावे. मोजणीसाठी शिक्षिकांच्या अंगावर एखादा दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रणाकरिता ठेवून तो आवाज नंतर चित्राला जोडता येतो. सुरुवातीला एकदा जोराने टाळी वाजवली की दोन्ही जुळवणे सोपे जाते.

तिसरे उत्तर:
मी स्वतः नृत्य शिकवते, म्हणून तंत्राआधीची एक गोष्ट कळकळीने सांगते. पूर्ण तासभर कॅमेरा चालू ठेवू नका. माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी उडी घेताना रोज दोन-तीनदा पडायची आणि हसत उठायची. कॅमेरा लागला त्या दिवशी तिने उडी घेतलीच नाही, टाचा जेमतेम उचलल्या. तेव्हापासून मी शेवटची दहा मिनिटेच चित्रित करते आणि ज्यांना चित्रात यायचे नाही त्यांच्यासाठी चौकटीबाहेरची एक बाजू आधीच जमिनीवर चिकटपट्टी लावून आखून देते. लहान मुले असतील तर पालकांची संमती घ्यावी आणि व्हिडिओ कोणाकोणाला पाठवला जाईल तेही त्यांना आधी सांगावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
सर्वांचे मनापासून आभार. काल तिवई दाराशी लावून, शटर १/१०० ठेवून शेवटची दहा मिनिटे टिपली. पट्टे गेले आणि पावले टाचेपासून बोटांपर्यंत दिसतात. चौघींनी आखलेल्या बाजूला उभे राहणे पसंत केले. शिक्षिकांचा एकटीचा संथ तुकडा आज सकाळी मी सहा वेळा पाहिला, तेव्हा कुठे लक्षात आले की तिसऱ्या मोजणीला वजन डाव्या पायावर जाते. मी आजवर ते उजव्यावरच ठेवत होते.