मदत हवी आहे: ह्यूस्टनच्या काकांचं रिव्हॉल्व्हर न्यू जर्सीत माझ्या नावावर कायदेशीर कसं करायचं?

एडिसनकर:

नमस्कार मंडळी, इथल्या बंदुकीच्या कायद्यातलं ज्यांना खरंच कळतं त्यांनी प्लीज लिहा, कारण नेटवर वाचून डोकं नुसतं गरगरतंय. माझे सख्खे काका १९७९ ला ह्यूस्टनला आले, रिफायनरीत केमिकल इंजिनिअर होते, सिटिझन होऊन जमाना झाला. मूलबाळ नाही, आणि काकू गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात एकटेच राहतात. आता पुढच्या महिन्याच्या शेवटी ते सीनियर लोकांच्या सोसायटीत शिफ्ट होतायत आणि तिथल्या लीजमध्ये स्पष्ट लिहिलंय की कुठलंही हत्यार ठेवता येणार नाही.

त्यांच्याकडे एक जुनं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० रिव्हॉल्व्हर आहे, .३८ स्पेशल, सहा गोळ्यांचं. काका-काकू दोघं शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचे, आणि काकूंचा नेम काकांपेक्षा चांगला होता हे काका स्वतः सगळ्यांना सांगतात. काकूंनी त्या कागदी टार्गेटवर कोपऱ्यात तारीख घालून सगळी फाईलला लावून ठेवलीयेत, देवनागरी आकड्यांत. लाकडी मुठीचं पॉलिश एका बाजूने पार गेलंय आणि नळीच्या टोकाचा निळा रंग उडालाय. विकायचं म्हटलं की काका गप्प होतात. त्यांना ते घरातच राहायला हवंय, म्हणजे माझ्याकडे किंवा माझ्या धाकट्या भावाकडे.

मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, ग्रीन कार्ड आहे. भाऊ टेक्सासमध्येच डॅलसजवळ आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. भाऊ म्हणतो की टेक्सासमध्ये घरच्या घरी द्यायला काही कागदपत्रं लागत नाहीत, तर काकांनी मला द्यावं आणि मग मी सावकाश तुला देईन. दुसरा पर्याय म्हणजे मी ह्यूस्टनला जाऊन येताना चेक-इन बॅगेत घेऊन यायचं. यातलं कुठलं बरोबर? काकांच्या या वयात त्यांच्यामागे काही झंझट लागलं तर मला आयुष्यभर लागून राहील, म्हणून शंभर टक्के कायद्याने करायचंय.

टेक्सासकर:

भाऊ, आधी एकच गोष्ट, आणि ती आजच्या आज फोन करून सांगा. तुमच्या धाकट्या भावाने त्या रिव्हॉल्व्हरला हातही लावायचा नाही. टेक्सासमध्ये खाजगी व्यवहाराला डीलर लागत नाही हे खरं आहे पण फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाचा, कायदा वर आहे ना, आणि त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकही नाही आणि गोळ्याही नाहीत. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, स्टुडंट, सगळे त्यात आले. यातून सुटायच्या वाटा अगदी मोजक्या आहेत, त्यातली नेहमीची म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. ते नसेल तर रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंसुद्धा बसत नाही, मग तात्पुरतं कपाटात ठेवतो वगैरे तर विसराच. २०२२ च्या कायद्याने याची शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षांपर्यंत नेली आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की डिपोर्टेशनचं कलम वेगळं लागतं. पोराचं इतक्या वर्षांचं ग्रीन कार्डचं वाट बघणं पाण्यात जाईल. आपल्या लोकांच्या ऑफिसमधले ग्रुप वीकेंडला हौस म्हणून रेंजवर जातात तेव्हा मला खरंच काळजी वाटते, कुणी सांगतच नाही त्यांना.

काकांनी ते त्याला दिलं तर देणारा म्हणून काकाही अडकतील. तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय.

तुम्ही ग्रीन कार्डवर आहात त्यामुळे तुमचा फेडरल बाजूने प्रश्न नाही.

एडिसनकर:

बापरे. लगेच फोन केला त्याला. धन्यवाद, खरंच. म्हणजे आता माझाच पर्याय उरला. मग मी जाऊन घेऊन येऊ का? काका गिफ्ट म्हणूनच देतायत, पैसे नाहीत काही नाहीत, सख्खे काका आहेत.

रानवारा:

नाही चालणार. गिफ्ट असो, विक्री असो, काका असोत की जन्मदाते वडील, देणारा एका राज्याचा रहिवासी आणि घेणारा दुसऱ्या राज्याचा असला की परस्पर देवघेव बंद. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टपासून असंच आहे. मधे फेडरल लायसन्सवाला डीलर हवाच, ज्याला सगळे एफएफएल म्हणतात. आणि हँडगन, म्हणजे तुमच्या रिव्हॉल्व्हरसारखी एका हाताने चालवायची बंदूक, असेल तर तो डीलर घेणाऱ्याच्या राज्यातला लागतो. रायफल किंवा शॉटगन असती तर दोन्हीकडचे कायदे पाळून टेक्सासच्या दुकानातूनही तुम्हाला मिळाली असती, हँडगन नाही. म्हणजे ह्यूस्टनच्या दुकानदाराने तुमच्या हातात दिली तर तोही चुकला आणि तुम्हीही.

रस्ता असा आहे की काकांनी त्यांच्या जवळच्या गन शॉपमध्ये न्यायचं, तो दुकानदार तुमच्या न्यू जर्सीतल्या दुकानदाराला पाठवतो, आणि तुम्ही इथे डीलरकडचा फेडरल फॉर्म ४४७३ भरून बॅकग्राउंड चेक होऊन घेता. त्या फॉर्मवर तुमचा एलियन नंबर, म्हणजे ग्रीन कार्डावरचा नंबर, लागेल, ग्रीन कार्ड बरोबर न्या. पार्सल काकांनी स्वतः करायच्या फंदात पडू नये, पोस्टात तर नाहीच, आणि मोठे कुरियरवाले आता लायसन्स असलेल्यांकडूनच घेतात. दोन्ही दुकानदारांची आपापली फी असते, आधी फोन करून विचारा, कारण काही जण बाहेरून आलेलं घेतच नाहीत.

एकच मोठी सूट आहे ती म्हणजे मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेलं. त्याला दोन राज्यांमधली ही अट लागत नाही. पण काका हयात आहेत, त्यांना उदंड आयुष्य लाभो, त्यामुळे ते आपल्या कामाचं नाही.

पॅसेइक:

वरचं सगळं बरोबर, पण न्यू जर्सीचा भाग राहिला आणि खरा वेळ तिथेच जातो. इथे हँडगनसाठी वेगळं परमिट लागतं, एका हँडगनला एक. तुमच्या टाउनच्या पोलीस डिपार्टमेंटकडे ऑनलाईन अर्ज करायचा, बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या रेकॉर्डची परवानगी, आणि नात्यातले नसलेले दोन जण रेफरन्स म्हणून. त्यांना आधी सांगून ठेवा, कारण ते ईमेलला उत्तर देत नाहीत म्हणून अर्ज अडकून पडतात. २०२२ नंतर सेफ्टी ट्रेनिंगही लागतं, आणि परमिटची फी २ डॉलरची २५ झाली, बंदुकीसाठीच्या वेगळ्या आयडी कार्डाची ५ ची ५०. कायद्यात इथल्या रहिवाशासाठी ३० दिवस लिहिलेत पण त्या भरवशावर काकांच्या शिफ्टिंगची तारीख ठरवू नका. परमिट हातात आल्यावर ९० दिवस चालतं, गरज पडली तर अजून ९० वाढवून मिळतं.

आणि विमानाने आणायचा विचार काकांच्याही डोक्यात येऊ देऊ नका, की मीच येतो घेऊन. रिकामं, टणक आणि कुलूपबंद केसमध्ये, काउंटरवर सांगून चेक-इन करणं विमानाच्या नियमात बसतं, पण उतरायचं न्यू जर्सीतल्या नेवार्क एअरपोर्टला आहे. २००५ साली युटाहचा एक माणूस पेनसिल्व्हेनियाला चालला होता, नेवार्कला त्याचं पुढचं विमान चुकलं, बॅग ताब्यात घेऊन रात्री हॉटेलवर राहिला, आणि सकाळी एअरपोर्टवर बॅगेत पिस्तूल आहे असं प्रामाणिकपणे सांगितल्यावर अटक झाली, काही दिवस जेलमध्ये काढले. नंतर खटला मागे घेतला गेला, पण त्याने उलट केलेला दावा २०१० मध्ये अपील कोर्टाने फेटाळला. कारण हेच, की राज्याराज्यांतून सुरक्षित नेण्याचं जे फेडरल संरक्षण आहे ते हत्यार हाताशी नसेल तोपर्यंतच, आणि रात्रभर बॅग त्याच्याजवळ होती. सत्तरी उलटलेल्या माणसाला त्या टर्मिनलमध्ये बेड्या पडल्याची कल्पना करवत नाही मला.

एडिसनकर:

वाचून अंगावर काटा आला. दुकानातूनच करतो. काकांशी बोललो, ते म्हणाले, "कायद्याने जे असेल ते कर, मला घाई नाही." पण घाई आहे ना, पुढच्या महिन्यात घर रिकामं होणार आणि माझं परमिट तोवर येईल असं दिसत नाही. मधल्या काळात ठेवायचं कुठे? शेजारी एक चांगले गृहस्थ आहेत, ते ठेवतो म्हणतायत.

रानवारा:

शेजाऱ्यांकडे नको. माणूस चांगला असेलच, पण त्याला कायद्याने चालतं की नाही हे काकांना कुठे माहीत असणार. काकांच्या जवळच्या डीलरलाच विचारा, बरेच जण महिन्याच्या भाड्याने ठेवून घेतात आणि त्यांच्या रजिस्टरला नोंद होते. नाहीतर न्यू जर्सीचा दुकानदार तयार असेल तर आत्ताच पाठवून द्या, तुमचं परमिट येईपर्यंत तो त्याच्या तिजोरीत ठेवेल. मला विचाराल तर हे जास्त बरं, कारण मग काकांचं काम एका फेरीत संपतं. दुकानात नेताना रिकामं करून, केसमध्ये, गाडीच्या डिकीत. आत जाण्याआधी फोन करून सांगायचं की घेऊन येतोय, म्हणजे काउंटरवर कुणी दचकत नाही. सिरियल नंबरचा फोटो आणि दुकानाची पावती काकांनी जपून ठेवायची.

टेक्सासकर:

आणि उरलेल्या गोळ्या इकडेच राहू द्या. पुढच्या टोकाला खळगा असलेल्या हॉलो पॉइंट असतील तर न्यू जर्सीत त्यांचे नियम फार कडक आहेत, उगाच एका डबीसाठी भानगड नको. मी ह्यूस्टनपासून फार लांब नाही, काकांना एकट्याने दुकानात जायला अवघड वाटत असेल तर मला मेसेज करा, मी शनिवारी बरोबर जाईन.

एडिसनकर:

हे वाचून फार बरं वाटलं. मेसेज केलाय. अर्ज आज रात्रीच टाकतो. एक शेवटचं, टार्गेटच्या कागदांची फाईल काका त्या केसमध्येच घालून पाठवू म्हणतायत, ते चालेल का?

रानवारा:

नका घालू. दुकानदार केस उघडून हत्याराची नोंद करतो, बाकीचं सामान त्याची जबाबदारी नसते, दोन दुकानांच्या मधे काकूंचे कागद कुठे गहाळ झाले तर विचारणार कुणाला. फाईल वेगळी, पोस्टाने, रजिस्टर करून.