मोठ्या पावसानंतर खाडीच्या तळाशी प्राणवायू का घटतो?

प्रश्न

नमस्कार. गेले वर्षभर मी एका नदीमुखाच्या खाडीत दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, ओहोटी संपत येताना, पाण्याचे तापमान, क्षारता आणि विरघळलेला प्राणवायू पृष्ठभागावर व तळाशी मोजते आहे. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून वर्षातली सर्वांत कमी नोंद कडक उन्हाळ्यात मिळेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती मोठा पाऊस होऊन दोन-तीन आठवडे लोटल्यावर आणि फक्त तळाशी मिळाली. पृष्ठभागाचे पाणी तेव्हाही चांगले होते. नदीचे पाणी तर थंड आणि खळाळत येणारे, मग ते आल्यावर तळाची स्थिती बिघडावी कशी?

पहिले उत्तर

नदीचे पाणी तळापर्यंत पोहोचतच नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. एक घनमीटर गोडे पाणी सुमारे १००० किलो भरते, तर किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणी सुमारे १०२५ किलो. फरक किरकोळ वाटतो, पण गोडे पाणी २० अंशांवरून ३० अंशांपर्यंत तापले तरी त्याचे वजन घनमीटरमागे जेमतेम अडीच किलोने घटते, हे लक्षात घेतले की पाण्याचे थर पाडण्यात उन्हापेक्षा नदीचा वाटा किती मोठा आहे ते कळते. पुराच्या दिवसांत गोडे पाणी वरून समुद्राकडे वाहते, खारे पाणी पाचरीसारखे तळाने आत सरकते आणि दोहोंमधला थर हवेतला प्राणवायू खाली जाऊ देत नाही.

याच नदीने गाळ, कुजका पालापाचोळा आणि शेतांतले नत्र व स्फुरदही आणलेले असते. पाणी गढूळ असेपर्यंत प्रकाशाअभावी प्लवक वनस्पती, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फारशा वाढत नाहीत. गाळ बसू लागला की त्या झपाट्याने वाढतात, मरून तळाशी जातात आणि तिथले जिवाणू त्यांचे विघटन करताना उरलासुरला प्राणवायू संपवतात. आपल्याला दिसलेले दोन-तीन आठवड्यांचे अंतर बहुधा याचेच असावे. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली प्रमाण गेले तर मासे ती जागा सोडतात. शिंपल्यांना मात्र जाता येत नाही.

दुसरे उत्तर

वरील स्पष्टीकरण पटते, तरीही उन्हाळ्याबद्दलची आपली अपेक्षा चुकीची नव्हती. गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना केवळ ७.६, खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. मात्र कोरड्या हंगामात नदी आटलेली असल्याने भरती-ओहोटी संपूर्ण पाणी ढवळू शकते आणि तळाला हवेचा पुरवठा चालू राहतो. म्हणून साठा कमी असला तरी तो संपत नाही.

आणखी एक शक्यता तपासावी. काही किनाऱ्यांवर ठरावीक ऋतूंत वाऱ्यामुळे खोल समुद्रातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते आणि तळाने खाडीत शिरते. आपल्या त्या नोंदीत तळाचे पाणी नेहमीपेक्षा थंड आणि जवळजवळ समुद्राइतके खारे असेल, तर दोष सगळा नदीचा नाही.

तिसरे उत्तर

माझी सूचना मोजमापाच्या वेळेबद्दल आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे प्रवाह सर्वांत जोरदार आणि पाणी सर्वाधिक ढवळलेले. थर टिकतात ते अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे सौम्य भरती-ओहोटीच्या दिवसांत. तेव्हा आपण मोजतच नाही. तळाची खरी वाईट अवस्था आपल्या नोंदींतून निसटत असण्याची दाट शक्यता आहे. याउलट ओहोटीत वरचे पाणी तळापेक्षा वेगाने बाहेर जाते, त्यामुळे त्या वेळी थर अधिक ठळक दिसतात आणि भरतीत ते पुन्हा मोडतात. निदान पावसाळ्यानंतरचे दोन महिने भांगालाही मोजावे, आणि एकदा तरी भरती-ओहोटीच्या पूर्ण चक्रभर, सुमारे साडेबारा तास, दर तासाला नोंद घ्यावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वही पुन्हा पाहिली. त्या दिवशी तळाचे पाणी खारे होते, पण पृष्ठभागापेक्षा थंड नव्हते, त्यामुळे खोल समुद्रातून आलेल्या पाण्याची शक्यता मला कमी वाटते. त्यानंतरच्या फेरीच्या आधी दोन दिवस सोसाट्याचा वारा होता, आणि त्या फेरीत तळ व पृष्ठभाग यांची क्षारता जवळपास सारखी होऊन तळाचा प्राणवायू एकदम वाढलेला आढळला होता. उपकरण बिघडले असे समजून मी ती नोंद बाद केली होती. आता ती परत घेतली आहे, आणि येत्या अष्टमीपासून भांगाच्या फेऱ्या सुरू करते आहे.