दिल्लीकडचं फार्मा प्रदर्शन: गोव्यातल्या वेर्ण्याच्या छोट्या कारखान्याला परवडतं का?

झाकणवाला_वेर्णा: आम्ही सिरपच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. प्रदर्शनासोबतच्या परिषदेचा पास, विमान, हॉटेल मिळून दोघांचा खर्च लाखाच्या घरात जातो. वसूल होईल?

पॅकेजिंग_फोंडा: पास घेऊच नका. पैसे भाषणांच्या सभागृहाचे असतात. आगाऊ नोंदणी केली तर व्यापाऱ्यांना प्रदर्शनात बहुधा फुकट सोडतात. खरी अडचण वेगळीच. स्टॉलवर उभी असतात ती विक्रीची माणसं, तुम्हाला हवी खरेदीवाली. तीन आठवडे आधी प्रदर्शकांची यादी काढा, खरेदी आणि पॅकेजिंग डेव्हलपमेंट खात्यांना मेल करून वेळ मागा. पाच भेटी पक्क्या नसतील तर तिकीट काढू नका. सोबत २५ आणि २८ मिमीचे नमुने, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेलं ड्रॉइंग न्या. शेवटच्या दिवशी जेवणानंतर स्टॉल आवरायला लागतात, तेव्हाची भेट धरू नका.

हिशेब_मडगाव: परराज्यातल्या हॉटेलवर तिथला एसजीएसटी (जीएसटीतला राज्याचा वाटा) लागतो. गोव्याच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तो खर्चच धरा. मोपा विमानतळाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी वेर्ण्याहून टॅक्सी जोडून बघा. दाबोळी जवळ आहे.

क्यूए_कुंडई: लगेच ऑर्डरची आशा नको. औषधाला थेट लागणारं झाकण बदललं की चेंज कंट्रोल (बदलाची तपासणी आणि मंजुरी) आलं, बऱ्याचदा स्टॅबिलिटीही, म्हणजे औषध टिकतं का याची चाचणी: ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने. वसुली वर्षभराने मोजा. आणि इथल्या मोठ्या कारखान्यांची खरेदी पुष्कळदा मुंबईच्या मुख्यालयातून ठरते. आधी तिथे जा, कोकण रेल्वेच्या तिकिटात काम होतं.