फ्रान्स १९४० चा पॅन्झर ४: नुसता ग्रे की ग्रेवर ब्राऊन?

विश्रामबागकर:
मंडळी एक शंका. जर्मन रणगाडा पॅन्झर ४ चं १/३५ मापाचं मॉडेल बांधतोय, मे १९४० च्या फ्रान्सच्या लढाईतला. किटच्या कागदावर अख्खा रणगाडा डार्क ग्रे दाखवलाय. पण ज्या फोटोवरनं करतोय त्यात टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या तोफघराच्या, बाजूला एक पट्टा जरा गडद वाटतोय, एकदम पुसट, मित्र म्हणतो तेल सांडलंय, बायको म्हणते डोळे तपासून घ्या. नेटवर एक कलर केलेला फोटो मिळाला, त्यात तर निळसर ग्रे. काय धरू? अजून प्रायमरवरच थांबलोय.

अजिंक्यताऱ्याखाली:
थांबलात ते बेस केलंत. कलर केलेला फोटो आधी बाजूला ठेवा दादा, तो रंग आत्ता कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून भरलाय, त्याला रणगाड्याचा काय पत्ता. तारीख धरा. १९३७ पासून जर्मन सैन्यात ऑर्डरच होती, दोन भाग डार्क ग्रे, एक भाग डार्क ब्राऊन. ब्राऊन बंद करायचा हुकूम निघाला जुलै १९४० च्या शेवटी, रंग वाचवायला, आणि तोवर फ्रान्स पडून महिना उलटला होता. म्हणजे तुमच्या मे महिन्यातल्या गाडीवर ब्राऊन धरायलाच पाहिजे. वर्षानुवर्षं लोक नुसता ग्रे मारत आले कारण दोन्ही रंग इतके गडद की ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एकच दिसतात, वरनं धूळ बसली की संपलंच. जेन्ट्झ आणि डॉयल या रणगाड्यांच्या अभ्यासकांनी जुने हुकूम उकरून छापले तेव्हा कुठं सगळ्यांनी तेच फोटो परत भिंगाखाली घेतले. माझी दोन मॉडेलं ग्रेच हायत, शोकेसकडं बघवत नाही आता.

कुपवाडचा पेंटर:
मला रणगाड्यातलं काय कळत नाही पण राल मधलं, म्हणजे रंगांच्या नंबरांच्या कार्डातलं, कळतं, एमआयडीसीत पावडर कोटिंग करतो, दिवसभर पॅनलला ७०३५ मारायचा. हे राल कार्ड जर्मनीचंच, १९२७ पासनं. तुमचा डार्क ग्रे म्हणजे ७०२१, आजच्या कार्डावर पण हाय. तो उन्हात ग्रे दिसतो आणि शेडमध्ये पिवळ्या बल्बखाली चक्क काळा, कस्टमर भांडतात माझ्याशी. एक करा, पत्र्याच्या तुकड्यावर ७०२१ आणि शेजारी ८०१७ मारा, तो चॉकलेटी तुमचा १९४० चा ब्राऊन नव्हे पण ट्रायलला चालतोय, आणि मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा.

हरिपूरकर:
मधेच घुसतो. नगरच्या टँक म्युझियममध्ये जर्मन आर्मर्ड कार हाय की, तिचाच रंग का नाही बघत?

अजिंक्यताऱ्याखाली:
बघून आलोय. उघड्यावरची गाडी टिकवायची तर रंग मारावाच लागतो, ऐंशी वर्षांत किती हात बसले असतील. वरच्या रंगावरनं काय ठरवायचं, कुठं टवका उडाला असला आणि खालचे थर दिसत असले तर गोष्ट वेगळी.

हरिपूरकर:
बरं, आणि १९४३ नंतरचा डार्क यलो? पँथर रणगाड्याचं किट आणून ठेवलंय, तीन कंपन्यांच्या बाटल्या आणल्या, तीन पिवळे.

अजिंक्यताऱ्याखाली:
तिन्ही बरोबर असतील हो. फेब्रुवारी १९४३ पासनं कारखान्यातनं पिवळा बेस यायचा, त्यावरचा ऑलिव्ह ग्रीन आणि रेड ब्राऊन पेस्टच्या डब्यात युनिटला मिळायचा. पातळ करायला पेट्रोल नायतर पाणी, जे मिळेल ते, आणि मारायचे रणगाड्यातले क्रूवालेच. पाणी जास्त झालं की रंग उतरलाच. पिवळ्याचा नंबर ७०२८, पेंटरदादा कार्डावर हाय का बघा.

कुपवाडचा पेंटर:
नाही. ऑलिव्ह ग्रीनचा ६००३ हाय, रेड ब्राऊनचा ८०१७ हाय, ७०२८ गायब.

हरिपूरकर:
म्हणजे आमच्या पेवातल्या हळदीगत झालं, वरची वेगळी, तळाची वेगळी, नाव एकच.

विश्रामबागकर:
पेंटरदादा, ट्रायल केली. डोळ्यानं चॉकलेटी आणि ग्रे लांबनं ओळखू येतात, मोबाईलच्या फोटोत नुसता एक काळपट पत्रा. नीट वाकडं करून बघितलं तर मधनं एक धूसर रेघ दिसते, अगदी माझ्या टरेटवर दिसते तशी. बायकोला दाखवलं, ती म्हणाली कुठाय रेघ. आता ब्राऊन एक तृतीयांश मारतोय, फक्त कडा मऊ ठेवायच्या की मास्किंग टेप लावू?

अजिंक्यताऱ्याखाली:
टेप नको, स्प्रेच्या मऊ कडा. आणि दोन्ही रंगात थोडा पांढरा घाला, एवढ्याशा मॉडेलवर ७०२१ आहे तसा मारला तर कोळसा दिसतोय.