दहा हजार रुपयांत अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करता येईल का?

सिडकोवासी

सर्वांना नमस्कार. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या भांडार विभागात नोकरी करते. घरी आल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास असे सगळे उरकून रोज साधारण दीड तास माझ्या हाताशी उरतो. या वेळात अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करावे, असा विचार गेले काही महिने मनात घोळत आहे. त्यासाठी वर्षभरात दहा हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम घालणे मला शक्य नाही. एवढी रक्कम मात्र बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या आग्रहावरून मी एका हॉटेलच्या सभागृहातील परिचय-सत्राला गेले होते. साडेसात हजार रुपयांचे 'पॅकेज' घेतले की त्यातील व्हिडिओ पाहता येतात आणि तेच पॅकेज दुसऱ्याला घ्यायला लावले की किमतीतील मोठा हिस्सा आपल्याला कमिशन म्हणून मिळतो, असे तेथे सांगण्यात आले. पडद्यावर मोटारींची छायाचित्रे बरीच दाखवली. व्हिडिओंमध्ये नेमके काय शिकवतात, हे मी दोनदा विचारूनही कोणी सांगितले नाही. मैत्रीण म्हणते, यालाच अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे तिला समजावूनही सांगता येत नाही.

माझी जमेची बाजू एवढीच की गेली सहा वर्षे मी गच्चीवर भाजीपाला पिकवते. वांगी, मिरच्या, दोडके आणि पालेभाज्या घरापुरत्या निघतात, आणि कोणती वस्तू टिकली, कोणती पहिल्याच उन्हाळ्यात फाटली, हे सगळे वहीत लिहून ठेवलेले आहे. या रकमेत काही उभे राहील का आणि पैसे नेमके कशावर घालावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गोदाकाठ

ताई, आधी त्या पॅकेजविषयी. अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये ग्राहकाला हवी असलेली एक खरी वस्तू मध्यभागी असते. वाचक तुमच्या दुव्यावरून दुकानात जातो, ती वस्तू घेतो आणि दुकानदार आपल्या नफ्यातून तुम्हाला दलाली देतो. अ‍ॅमेझॉनची असोसिएट्स योजना १९९६ पासून याच तत्त्वावर चालते आणि तिच्यात नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. जेथे कमिशन मिळवण्याचा हक्कच आधी विकत घ्यावा लागतो आणि पुढची कमाई नव्या भरतीतून येते, तेथे वस्तू केवळ नावापुरती असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीविषयी केलेल्या नियमांत पिरॅमिड योजनांना मनाई आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ सालचा आहे. मैत्रिणीला एवढेच विचारा की उद्यापासून कमिशन बंद झाले, तर केवळ शिकण्यासाठी ते व्हिडिओ साडेसात हजारांना कोण घेईल?

आता माझे. माझे पहिले वर्ष सपशेल वाया गेले. मोबाईलची विक्री मोठी म्हणून मी चाळीसेक मोबाईलची परीक्षणे लिहिली, आणि त्यांपैकी एकही मोबाईल मी हातात धरलेला नव्हता. इंग्रजी संकेतस्थळांवरची माहिती मराठीत उतरवायची, एवढेच माझे काम. वाचकाला ते दोन ओळींत कळते. शिवाय मोबाईलवरील कमिशन नाममात्र असते, हे मी दरपत्रक नीट वाचले असते तर आधीच समजले असते. दुसऱ्या वर्षी मी मला ठाऊक असलेल्या विषयाकडे, म्हणजे गडभ्रमंतीकडे वळलो. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर भर पावसात कोणत्या बुटाचा तळ घसरला आणि कोणत्याचा धरून राहिला, यावर लिहिलेला एक लेख त्या चाळीस लेखांपेक्षा अधिक वाचला गेला. आजही जून उजाडला की त्याच्याकडे वाचक येतात.

हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. समजा, महिन्याला एक हजार वाचक आले, त्यांतील शंभरांनी दुवा उघडला, तिघांनी प्रत्येकी सहाशे रुपयांची खरेदी केली आणि कमिशन पाच टक्के मिळाले, तर तुमच्या पदरात नव्वद रुपये पडतात. महिन्याचे नव्वद! नव्या संकेतस्थळाला हजार वाचक मिळायलाच कित्येक महिने लागतात, म्हणून पहिले वर्ष तोट्याचे धरूनच चालावे. जाहिराती देऊन वाचक आणण्याचा मोह तर टाळाच. एवढ्या कमिशनमध्ये जाहिरातीचा खर्च निघत नाही आणि शोधयंत्रांवर पैसे देऊन थेट दुकानाच्या दुव्याची जाहिरात करणे अ‍ॅमेझॉनच्या करारात निषिद्धच आहे.

तो करार रविवारी सकाळी चहा घेऊन सावकाश वाचावा, असा आहे. अर्ज केल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. त्यामुळे पहिल्या दिवशीच अर्ज करण्याची घाई नको, दहा-बारा चांगले लेख तयार झाल्यावर करा. वाचकाने दुवा उघडल्यापासून चोवीस तासांत केलेली खरेदी तुमच्या नावे लागते, आणि तेवढ्यात त्याने वस्तू टोपलीत टाकून ठेवली तर मुदत बरीच वाढते. स्वतःच्या दुव्यावरून स्वतःसाठी खरेदी चालत नाही. ईमेलमधून किंवा पीडीएफ पुस्तिकेतून दुवे वाटणेही चालत नाही. किंमत हाताने लिहून ठेवू नका, कारण ती बदलते आणि जुनी किंमत दाखवणे नियमाविरुद्ध आहे. ग्राहकाने वस्तू परत केली की जमा झालेले कमिशनही परत जाते, हे लक्षात असू द्या. बुटांच्या बाबतीत मी ते पुरेपूर भोगले आहे.

दहा हजारांतील संकेतस्थळाच्या नावाची (डोमेनची) नोंदणी आणि होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवायची भाड्याची जागा, यांवर तीन-साडेतीन हजारांहून अधिक घालू नका. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारे नूतनीकरणाच्या वेळी दुप्पट-तिप्पट होते, म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर आधी पाहावा. हेही नको असेल तर ब्लॉगर ही गूगलची ब्लॉग लिहिण्याची सेवा फुकट आहे. महागडी साधने घेऊ नका. लोक काय शोधतात हे दाखवणारे गूगल ट्रेंड्स आणि शोधातून आपल्या संकेतस्थळावर कोण येते हे दाखवणारे सर्च कन्सोल फुकट आहेत आणि सुरुवातीला तेवढ्यावर भागते. आपले लोक मराठी शब्द बऱ्याचदा रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, तेव्हा दोन्ही तऱ्हांनी शोधून पाहावे. उरलेल्या पैशांतून वस्तू विकत घ्या: दोन प्रतींच्या ग्रो बॅग (रोपे लावायच्या पिशव्या), दोन प्रकारचे ठिबक संच, एक ताणकाटा. एकाच वेळी, एकाच उन्हात दोन्ही वापरून फोटो काढून ठेवा. हे भांडवल दुसऱ्या कोणाला उचलून नेता येत नाही.

आणखी एक. गांडूळखत, माती, मोठ्या कुंड्या अशा जड वस्तू नाशिकच्या कोणत्याही रोपवाटिकेत स्वस्त मिळतात. तेथे दुवा देण्याऐवजी 'हे जवळच्या रोपवाटिकेतून घ्या' असे स्पष्ट लिहा. त्या ओळीवर कमिशन मिळणार नाही, पण तीच ओळ वाचून वाचक तुमच्या बाकीच्या दुव्यांवर भरवसा ठेवील.

जेलरोडचा लेखापाल

वरील उत्तर नेटके आहे. मी करापुरते लिहितो, कारण या बाजूकडे बहुतेक जण मार्च महिन्यात पाहतात.

कमिशनवर होणारी टीडीएस कपात (पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर) ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आली आहे, आणि एका देणाऱ्याकडून वर्षभरात मिळणारे कमिशन वीस हजार रुपयांच्या आत असेल तर एप्रिल २०२५ पासून कपात होत नाही. पॅन दिला नसेल तर मात्र वीस टक्के कापले जातात. कापलेली रक्कम २६एएस या प्राप्तिकर खात्याच्या करकपात विवरणात दिसते आणि कर देय नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळवता येते.

खरी अडचण पुढे आहे. आपण पगारदार आहात, म्हणजे आजवर बहुधा आयटीआर-१ हे साधे प्राप्तिकर विवरणपत्र भरत असाल. नियमित कमिशन हे व्यवसायाचे उत्पन्न ठरते आणि ते आयटीआर-१ मध्ये दाखवता येत नाही. लहान व्यावसायिकांसाठी असलेली अनुमानित उत्पन्नाची (उलाढालीचा ठरावीक हिस्साच उत्पन्न मानण्याची) सवलत कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही; म्हणून आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी व्यवसायाचे उत्पन्न दाखवण्याचे आयटीआर-३ हे विवरणपत्र धरून चालावे. त्याबरोबर होस्टिंग, चाचणीसाठी घेतलेल्या वस्तू, इंटरनेटचा व्यवसायापुरता हिस्सा असा खर्च वजा दाखवता येतो, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवावी. भांडार विभागात काम करणाऱ्या व्यक्तीला नोंदवही कशी ठेवावी, हे मी सांगण्याची गरज नाही. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्या राज्यात वार्षिक उलाढाल वीस लाख रुपये आहे, त्यामुळे त्याची चिंता तूर्त नको.

आणि नेमणूकपत्र एकदा काढून वाचा. नोकरीत असताना अन्य व्यवसाय करू नये, असे कलम अनेक कारखान्यांच्या पत्रांत असते. तसे असल्यास लेखी परवानगी घेतलेली बरी.

दिंडोरीचा बागाईतदार

मी विकणारा नाही, घेणारा आहे, तेव्हा घेणाऱ्याची बाजू मांडतो. दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओतील कौतुक ऐकून त्याच्या खालच्या दुव्यावरून मी बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मागवला. पंपाचा दाब चांगला होता, बॅटरीही टिकली. पण सोळा लिटर पाणी भरून पाठीवर घेतल्यावर त्याचे पट्टे खांद्यात असे रुतत की चौथ्या ओळीला माणूस पंप खाली ठेवी. ही गोष्ट पंप एकदा भरून पाठीवर घेतलेल्या माणसाच्या नजरेतून सुटूच शकत नाही. व्हिडिओत पंप टेबलावर ठेवलेला होता.

तेव्हापासून मी परीक्षण वाचताना वस्तूचा दोष कोठे सांगितला आहे, ते आधी शोधतो. दोष सापडला नाही तर पुढे वाचत नाही. ताईंनी पहिल्या उन्हाळ्यात फाटलेल्या वस्तूंची यादी वहीत ठेवली आहे म्हणतात. मला विचाराल तर तिच्यापासूनच सुरुवात व्हावी. एक सूचना मात्र करतो: कीटकनाशकांच्या नादी लागू नका. त्यांच्या विक्रीला परवाना लागतो, आणि चुकीच्या मात्रेचा सल्ला दिला तर घरातल्या भाजीतून विष पोटात जाते.

सिडकोवासी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. पॅकेजचा विषय मी बंद केला. मैत्रिणीला गोदाकाठ यांचा प्रश्न विचारला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, तिचे पैसे आधीच गेले आहेत. ते परत मिळवण्यासाठी काही करता येईल का?

दरम्यान काल मी ताणकाटा आणला आणि बारा इंची ग्रो बॅग आधी कोरडी आणि मग भरपूर पाणी देऊन तोलली. कोरडी नऊ किलो भरली आणि पाणी दिल्यावर साडेचौदा. माझ्या गच्चीवर अशा चाळीस आहेत, म्हणजे पाणी दिल्यानंतर स्लॅबवर पावणेसहाशे किलोच्या आसपास वजन पडते, हे सहा वर्षांत माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. आमच्या इमारतीतील लोक मला नेहमी विचारतात की याने गच्ची गळणार नाही ना. पहिला लेख यावरच लिहावा असे वाटते, पण त्यात विकण्यासारखे फारसे काही नाही. चालेल का?

गोदाकाठ

अवश्य चालेल. गच्चीवर बाग करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या घरात हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघतो, आणि आकडे देऊन उत्तर देणारा मराठी लेख मी तरी वाचलेला नाही. बॅगा भिंतीलगत आणि तुळईच्या रेषेवर ठेवायच्या की मधोमध, हे मात्र एखाद्या स्थापत्य अभियंत्याला विचारूनच लिहा. फार तर खाली ठेवायच्या स्टँडचा एक दुवा द्या. सावलीच्या जाळीवरचा लेख फेब्रुवारीच्या आत तयार ठेवा; एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा लोकांनी जाळी घेऊन झालेली असते.

दुवा असलेल्या प्रत्येक लेखात वरच, मराठीतच, 'या दुव्यावरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते' असे ठळक लिहा. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा खुलासा शिफारशीच्याच भाषेत आणि सहज दिसेल असा हवा. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडवलेला चालत नाही. अ‍ॅमेझॉनही आपल्या सहयोगीपणाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला लावते.

मैत्रिणीचे म्हणाल तर पैसे भरल्याची पावती, त्या सत्राचे निमंत्रण आणि कमिशनची आश्वासने देणारे संदेश पुसून टाकण्याआधी जपून ठेवायला सांगा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे ऑनलाइन भरले असतील आणि फसवणुकीचा संशय असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. आजच करा, दिवस उलटतात तशी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी होते.