मदत हवी आहे : भाड्याची खोली आणि सोबत, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीसाठी विचारतेय. ती एचआयव्हीसह जगतेय, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या नियमित चालू आहेत. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) इतका खाली आलाय की तपासणीत सापडत नाही. तब्येत ठणठणीत, कामाला वाघीण. पोळी-भाजी केंद्रात चपात्या लाटते.

गोळ्यांची बाटली कुणाच्या तरी नजरेला पडली आणि गल्लीभर झालं. आता केंद्रात तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा. घरमालक रोज "खोली कधी सोडताय?" विचारतात. एकत्र खाण्यानं, भांड्यांनी, तिनं लाटलेल्या चपातीनं हा संसर्ग होत नाही हे सांगून माझं तोंड दुखलं. माणसं मान डोलावतात आणि कप तिथंच!

२०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ पासून लागू आहे. या कारणावरून नोकरीवरून काढणं, घर नाकारणं त्यात बसत नाही, एवढं ठाऊक आहे. १०९७ ही एचआयव्हीसाठीची मोफत हेल्पलाइनही माहीत आहे. पण कोर्टकचेरी करायची तिची तयारी नाही, आणि मला ते पटतं.

मग हवंय काय? राजारामपुरी, मंगळवार पेठ किंवा कळंबा भागात एक साधी खोली. शिवाय कोल्हापुरात अशा बायकांचा एखादा गट भेटत असेल तर सांगा, तिला मोकळं बोलायला माणूस हवंय. मालकांना शांतपणे समजावणारं कुणी अनुभवी असेल तर फारच बरं. कृपया मेसेजमध्येच लिहा, इथं तिची ओळख उघड होईल असं काही नको. आणि हो, "झालं कसं?" हे विचारू नका.