ट्रॅकची नळी काढायला ॲडमिट का व्हायचं?

आर्याची आई: मुलगी ३ वर्षांची, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला भोक पाडून घातलेली) नळी, व्हेंटिलेटर सुटून बरेच महिने झाले. आता डॉक्टर म्हणतात नळी काढू, पण आधी दुर्बिणीने तपासणी मग ॲडमिट. मस्त खेळतेय हो ती, मग एवढं कशाला? खूप धाकधूक होतेय.

पीआयसीयू (लहान मुलांचा आयसीयू) नर्स: ताई, दुर्बीण टाळू नका. बऱ्याच मुलांना भोकाच्या जरा वर, आतून मांस वाढतं, बाहेरून कळतच नाही कारण श्वास नळीतून चालू असतो, नळी काढली की तेच वाट अडवतं. आमच्याकडे आधी बारीक नळी घालतात, मग दिवसा नळीला टोपण लावून नाका-तोंडाने श्वास जमतो का बघतात, जमलं तर रात्री, बोटाला ऑक्सिजनचा प्रोब लावून, झोपेत घसा सैल पडतो ना, खरा त्रास तेव्हाच दिसतो. आणि नळीचा फुगा फुगलेला असताना टोपण अजिबात नाही!!

ओमचा बाबा: आमचं झालंय. काढल्यावर भोकावर गॉझ नि चिकटपट्टी, खोकला आला की तिथून फुस्स हवा यायची. एक-दोन दिवस ठेवून घेतात, पलंगाशेजारी सक्शन (कफ ओढायचं मशीन) आणि तीच साइज प्लस एक लहान नळी तयार. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला सरळ.

आर्याची आई: टोपण लावलं की रडते पण.

पीआयसीयू नर्स: नवीन असतं म्हणून रडतात. पण छातीत खड्डे पडले, श्वासाला घरघर आली किंवा ओठ निळसर दिसले तर टोपण लगेच काढायचं. घरी स्वतःच्या मनाने लावून बघू नका प्लीज.